पांढऱ्या पानांवर कात्री

हेडक्लार्कांचं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा डॉक्टरांनी सुचवलं, घरात माशांची टाकी ठेवा, रोज अर्धा तास तिच्यासमोर बसा, राग निवेल. टाकी आली. पण मासे विनाकारण इकडून तिकडे धावतात हे बघून त्यांचं डोकं आणखी तापायला लागलं. (ऑफिसातही अशा लोकांवर त्यांचा डोळा असे.) शेवटी मासे शेजारी गेले आणि टाकीत एकच रोप उरलं. हिरव्या पानांवर पांढरे डाग, आणि महिन्याकाठी कसंबसं एक नवीन पान. हा वेग मात्र हेडक्लार्कांना मानवला. त्यातून शेवटची तीन पानं दुधासारखी पांढरीशुभ्र निघाली. ऑफिसात ते सगळ्यांना फोटो दाखवू लागले. (रजा हवी असणाऱ्यांनी फार कौतुक केलं.)

एका संध्याकाळी घरी येऊन बघतात, तर तिन्ही पानं गायब.

"आजारी होती. कापली," सासरे म्हणाले. ते निवृत्त शिंपी, लेकीकडे महिनाभर राहायला आलेले.

हेडक्लार्कांच्या कानशिलावरची शीर ताडताड उडायला लागली. सासऱ्यांवर ओरडता येईना म्हणून ते बायकोवर ओरडले. ती म्हणाली, बाबांना बोलायचं तर बाबांनाच बोला. तेव्हापासून त्यांनी घरात कुणाशीच न बोलण्याचं ठरवलं आणि टाकीवर नोटीस चिकटवली : परवानगीशिवाय हात लावू नये. खाली सही, तारीख, जावक क्रमांक. सासऱ्यांनी ती चष्मा लावून वाचली आणि शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या. त्या दिवशी हेडक्लार्क जेवलेसुद्धा नाहीत.

चौथ्या दिवशी रोप डब्यात घालून ते टाकी घेतलेल्या दुकानात गेले. दुकानदाराने ते भिंगाखाली धरलं. पूर्ण पांढरं पान स्वतःचं अन्न बनवत नाही, बाकीच्यांच्या जिवावर बसून खातं, असं त्याने समजावलं. ही कापली म्हणूनच रोप वाचलं. हा बघा नवा कोंब.

"आणि काप काय सुरेख आहे. कोणी केला?"

हेडक्लार्कांनी मागे वळून बघितलं. कोणी नव्हतं.

"मीच," ते म्हणाले.

मग रविवारी याच, दुकानदार म्हणाला. चाळीस रोपं तशीच पडलीत, आणि माझा हात थरथरतो.

चार दिवसांच्या मौनानंतर हेडक्लार्क घरात पहिलं वाक्य बोलले, तेही सासऱ्यांशी आणि भिंतीकडे बघत : "रविवारी मोकळे आहात का?" सासऱ्यांनी कारण विचारलं. सगळं सांगावं लागलं, त्या 'मीच'सकट. स्वयंपाकघरात बायको इतकी हसली की हातातलं पातेलं पडलं.

रविवारी दुकानदाराने कात्री पुढे केली. हेडक्लार्कांनी ती सासऱ्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, आमच्या गुरूंनीच सुरुवात करावी. मग दुपारपर्यंत सासरे कापत राहिले आणि हेडक्लार्क दातओठ खात बादली धरून उभे राहिले.

दुकानदाराने सासऱ्यांना चहा देताना हळूच विचारलं, "तुमचे शिष्य फार रागीट दिसतात. बरेच दिवस आहेत का हाताखाली?"

"शिष्य कसला, जावई आहे," सासरे कात्री न थांबवता म्हणाले. "बदलून मिळेना, म्हणून ठेवलाय."