साळिंदराचा न पडणारा सर्व्हर

एका जंगलात, बाळांनो, वाघोबाची कचेरी होती. जंगल मोठं, म्हणून कचेरीही मोठी. कोणाचं बीळ कुठे, कोणती ढोली कोणाच्या नावावर, कोण जन्मलं, कोणाला कोणी खाल्लं, सगळ्या नोंदी तिथल्या सर्व्हरमध्ये असायच्या. सर्व्हर म्हणजे एक डबा समजा. विचारलं की सांगतो. निदान सांगावं अशी अपेक्षा असते.

हे डबे हत्ती बनवायचे. त्यांच्या कंपनीचं नाव गजकर्ण. एकदा लागली की जाता जात नसे. डबा गुहेएवढा. दुपारी तो तापायचा. मग एक हत्ती कानांनी वारा घालायचा. हत्ती जेवायला गेला की डबा बसायचा, म्हणजे बंद पडायचा.

त्याच जंगलात ओढ्याकाठी नारोबा साळिंदराचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक बीळ आणि तीन उंदीर. नारोबाला बोलायचा कंटाळा, बघायची हौस. तो वारुळासमोर तासन् तास बसायचा. बाहेर एवढं ऊन, मग आत गारवा कसा? बघता बघता त्याला उमगलं. गार हवा खालच्या भोकांतून आत येते, गरम हवा वरून निघून जाते. त्याने तसाच डबा केला. कलिंगडाएवढा. त्याला हत्ती लागत नसे, आणि तो कधी म्हणजे कधीच बसत नसे.

पण घेणार कोण? विक्रीचं काम आक्का घोरपडीकडे होतं. ती एखाद्या दाराला चिकटली की दार उघडेपर्यंत सुटायची नाही. तिने सगळं जंगल पालथं घातलं. जो तो म्हणे, "डबा छान आहे हो. पण कचेरीत कोणाचा आहे? हत्तींचाच ना? मग आम्हालाही तोच बरा."

"नारोबा," आक्का म्हणाली, "आता कचेरीच धरायला हवी. पावसाळ्याआधी तिथे डबा लागला नाही, तर बिळाला धोंडा लावायचा. उंदीर जातील रानोमाळ. आणि तू हत्तींकडे कान हलवायला."

"माझे कान एवढेसे आहेत, आक्का."

"म्हणून तर काळजी वाटते."

आक्का कचेरीच्या दाराला जाऊन चिकटली. तीन दिवस कारकून तिच्या शेपटीवरून उड्या मारत आत गेले. शेवटी हेडक्लार्क तरसराव वैतागला. "ठेवा बाई तुमचं ते कलिंगड! आठ दिवस बघतो."

आठ दिवस डबा चालला. एकदाही बसला नाही. नारोबा रोज खिडकीबाहेरून बघायचा आणि आनंदाने काटे फुलवायचा.

नवव्या दिवशी तरसरावाने डबा उचलून त्याच्या हातात दिला. "घेऊन जा."

"का हो रावसाहेब? बिघडला?"

"बिघडला असता तर ठेवला असता." तरसरावाचे डोळे खोल गेले होते. "आठ दिवसांत धड एक चहा प्यायलो नाही. पूर्वी रांग वाढली की म्हणायचं, सर्व्हर डाऊन आहे, उद्या या. रांग निमूट घरी जायची. आता काय सांगू तिला? आणि एवढं करून लोक तरी खूश आहेत का? विचारा या ससेबाईंना."

ससेबाई खिडकीशीच उभ्या होत्या. हातात बिळाचा दाखला.

"दहा-बारा हेलपाटे होतील, असं सांगून घरातून निघाले होते," त्या म्हणाल्या. "यांनी उभ्याउभ्या दाखला दिला! आमचे मालक म्हणतात, एवढ्या लवकर मिळाला, तो खरा असेल कशावरून?"

नारोबा डबा पोटाशी धरून परतला. उंदरांनी त्याचं तोंड पाहिलं. आणि ते हत्यारं गुंडाळायला लागले.

आक्का मात्र छताला चिकटून विचार करत होती. "नारोबा, याला एक कळ लाव. बंद पडायची."

"आक्का! बंद पडू नये म्हणून चार वर्षं जीव काढलाय मी."

"मग राहू दे की आत चालू. कळ दाबली की बाहेर नुसता तांबडा दिवा लागू दे. खाली लिही, डाऊन."

नारोबा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने कळ बसवली. बसवली नाइलाजाने, पण अगदी सुबक. वाईट काम त्याला जमतच नसे.

तरसरावाने कळ दाबली. तांबडा दिवा लागला. "सर्व्हर डाऊन आहे!" तो ओरडला. रांगेने समाधानाचा सुस्कारा सोडला.

"आता कसा मोठ्या कंपनीचा वाटतो!" ससेबाई म्हणाल्या. त्या दाखला तपासून घ्यायला पुन्हा आल्या होत्या.

तरसराव तर गहिवरला. "हत्तींचा डबा त्याच्या मर्जीने बसायचा. हा आमच्या मर्जीने बसतो. याला म्हणतात सुधारणा!"

वाघोबाने हुकूम काढला. कचेरीच्या चाळीसच्या चाळीस ठाण्यांत नारोबाचाच डबा. हत्ती कान पाडून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी नारोबा हुकमाचा कागद घ्यायला गेला. कागद हातात आला की उंदरांनी काम सुरू करायचं होतं. खिडकीत तरसराव बशीतून चहा पीत होता.

"सर्व्हर डाऊन आहे. उद्या या."

नारोबाने डब्याकडे पाहिलं. तांबडा दिवा झकास पेटला होता. आतून बारीक गुणगुण येत होती. ती एकट्या नारोबालाच कळत होती.

"रावसाहेब, तो डाऊन नाहीये."

तरसरावाने बशी खाली ठेवली. "म्हणजे? तुमची कळ चालत नाही म्हणता? तसं असेल तर सगळा माल रद्द करावा लागेल."

मागची रांग कान टवकारून ऐकू लागली.

"नाही, नाही," नारोबा म्हणाला. "कळ उत्तम चालते."

"मग?"

"मग काय... उद्या येतो."

तात्पर्य : मोठ्या कंपनीला हरवायचं असेल, तर तिच्याहून चांगलं काही करायला जाऊ नये. तिचा दोषच घ्यावा, आणि तो तिच्याहून सुबक करून द्यावा.