अगंबाई, किल्ली पडली!

सुटीत सासरच्या मंडळींना सिनेमाला नेण्याची पाळी यंदा धाकट्या जावयावर आली होती. गेल्या खेपेला थोरल्या जावयाने निवडलेल्या सिनेमात नायक-नायिकेने मध्यंतराचीही वाट न बघता चुंबन घेतलं. तेव्हापासून सासरे थोरल्याशी फक्त बायकोमार्फत बोलत. "त्यांना म्हणावं, मीठ इकडे सरकवा."

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. लग्नाला वर्ष झालं तरी सासरे त्याला 'लिफ्टवाले' म्हणत. ते वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते आणि माणसाला अजून नजरेनंच तोलत. त्यांनी आपल्याला एकदा तरी 'जावईबापू' म्हणावं, एवढीच धाकट्याची इच्छा. म्हणून त्याने चार जणांना विचारून सिनेमा निवडला. एक अस्वल बर्फात आपल्या आईला शोधतं आणि शोधता शोधता गातं. जाहिरातीत लिहिलं होतं, 'नातवंडांपासून आजोबांपर्यंत!'

"अस्वलाच्या अंगात कपडे आहेत ना?" सासूबाईंनी विचारलं.

"स्वेटर आहे."

"आणि खाली?"

त्या दिशेने धाकट्याने चौकशी केली नव्हती.

तरी सासूबाईंची तजवीज तयार होती. पडद्यावर नको ते आलं की त्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा खाली टाकत आणि म्हणत, "अगंबाई, किल्ली पडली!" मग सगळ्या रांगेने वाकून किल्ली शोधायची आणि प्रकरण मिटेपर्यंत वर बघायचं नाही. थोरल्याचा सिनेमा घरच्यांनी निम्मा खुर्चीखालूनच ऐकला होता.

दिवे गेले. अस्वल गायलं. मग बर्फ गायला. मग पोस्टमन गायला. अस्वलाला आज पत्र नाही, एवढंच त्याला सांगायचं होतं, पण कडवी संपेनात. सिनेमात नको ते काही नव्हतं; हवं तेही नव्हतं. सासऱ्यांनी धाकट्याकडे एक नजर टाकली. त्या नजरेत तो छटाकभर भरला.

तेवढ्यात अस्वलीण आली. दोघांची तोंडं जवळ जवळ आली.

"अगंबाई, किल्ली पडली!"

रांग वाकली. वर ती दोघं एकमेकांच्या तोंडात गात होती, बाकी काही नाही. पण खुर्चीखाली गार होतं, आवाज कमी येत होता, आणि नातवंडं सिनेमा सुरू झाल्यापासून पहिल्यांदा हसली.

"आजी, परत टाक ना!"

आजी टाकेना, तर पुढच्या गाण्याला नातीनेच जुडगा ओढून खाली टाकला. रांग पुन्हा वाकली. मागच्या बाईंनी घाबरून विचारलं, "काय दाखवलं हो?"

"आम्ही बघितलं नाही," सासूबाई खालून म्हणाल्या.

"इतकं वाईट?" त्या बाईंनी आपल्या पोरांची मुंडकी दाबली. त्यांच्या मागच्यांनीही दाबली. बघता बघता सगळं थिएटर ओणवं झालं आणि अस्वल रिकाम्या खुर्च्यांपुढे आईला हाका मारत राहिलं.

"अहो, किल्ली खरंच सापडत नाहीये!" सासूबाई ओरडल्या.

सवयीप्रमाणे कोणी मनावर घेतलं नाही.

"अहो, खरंच! देवाशपथ! घराची आहे!"

धाकटा ताडकन उठला. सिनेमा भिकार, आणि आता अख्खं सासर घराबाहेर. या थिएटरची लिफ्ट तोच बघायचा, म्हणून तो तडक वर ऑपरेटरच्या खोलीत गेला.

"सिनेमा थांबव रे, जरा किल्ली शोधायचीय."

"थांबवू?" ऑपरेटरचे डोळे भरून आले. "आठवडा झाला, कोणीतरी म्हणेल म्हणून वाट बघतोय."

दिवे लागले. टाळ्या पडल्या. मग लोक रांगत शोधायला लागले. अनोळखी माणसं खुर्च्यांखाली एकमेकांची चौकशी करू लागली, कोणाला हरवलेलं कानातलं मिळालं, पोरं उतारावरून घसरगुंडी खेळू लागली. एका खुर्चीखाली सासरे आणि थोरले जावई समोरासमोर आले.

"सरका थोडं," सासरे म्हणाले. थेट. बायकोला मध्ये न घालता.

थोरल्याला हुंदका आवरेना.

धाकटा मात्र घामाने निथळत रांगत होता. सासरे रांगत रांगत त्याच्या शेजारी आले.

"माफ करा," तो म्हणाला. "माझ्यामुळे सगळ्यांची सुटी वाया गेली."

सासऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि शर्टाचा खिसा किंचित उघडला. आत जुडगा होता.

"नातीने टाकला तेव्हाच उचलला," ते कुजबुजले. "आता तोंड उघडलंत तर ते अस्वल पुन्हा सुरू होईल. शोधत राहा, जावईबापू."

धाकटा गुडघ्यांवर ताठ झाला आणि वर ऑपरेटरच्या खिडकीकडे बघत छाती भरून ओरडला, "दिवे घालवू नकोस रे! अजून सापडली नाही!"