नावं ठेवणारी दहा माणसं हवीत

कालिओवाच्या यंत्राला दहाच्या दहा माणसांनी ‘फारच छान’ असा शेरा दिला, आणि त्यामुळेच ते नापास झालं.

यंत्र नारळाचं दूध काढायचं. भोकं पाडलेला एक डबा, त्यात बसणारी लाकडी चकती आणि चकतीवर दाब द्यायला पेरूच्या लाकडाचा दांडा. खवलेलं खोबरं आत घालायचं, दांडा दाबायचा, की दूध खालच्या पातेल्यात. वानुआ लेवू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या गावात या दुधाशिवाय ना अळूची पानं शिजत, ना मासा घशाखाली उतरत, आणि बायका पिढ्यान्‌पिढ्या ते मुठीनं पिळत आल्या होत्या. कालिओवा गावातल्या होड्या दुरुस्त करायचा. यंत्राची कल्पना त्याला सुचली ती आपल्या बायकोच्या, मेरेओनीच्या, बोटांचे सुजलेले सांधे पाहून. तिनं मात्र यंत्राकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आपोआप हलणारा पाळणा आणि डास पकडणारा पंखा ही नवऱ्याची आधीची दोन अपत्यं तिनं सोसली होती. पाळण्यानं तर तिच्या भाच्याला अंगणापर्यंत पोचवलं होतं.

जवळच्या लंबासा शहरातल्या लघुउद्योग कार्यालयाकडे एका कारागिराला देण्यासाठी एक वेल्डिंग मशीन आलं होतं. अट अशी, की कारागिरानं आपली कल्पना लोकांकडून पारखून घ्यायची आणि चालता नमुना दाखवायचा. कालिओवाला ते मशीन इतकं हवं होतं, की त्याला स्वप्नातही ठिणग्या दिसत. त्यानं दहा कागद भरून घेतले आणि कार्यालयाच्या सुभाषनी मॅडम गावात आल्या तेव्हा अभिमानानं पुढे केले.

“हे काय आणलंय?” मॅडमनी विचारलं.

“दहा जणांची मतं. तुम्हीच सांगितलं होतं ना.”

“ही मतं नाहीत, हा आहेर आहे. अहो, मला तक्रारी हव्यात. वापरून बघितल्यावर लोक काय नावं ठेवतात ते. दहा तक्रारी, आणि त्या दूर केलेला नमुना. मी पुढच्या शुक्रवारी येते. तेव्हाही जमलं नाही, तर मशीन पलीकडच्या गावातल्या सुताराला जाईल.”

आता आली पंचाईत. तोंडावर नावं ठेवायची त्या गावाला सवयच नव्हती. मागून हवं तेवढं बोलतील, पण समोर विचारलं की छान, सुंदर, देवाची कृपा. कालिओवा दोन दिवस दारोदार हिंडला. लोकांनी त्याला चहा पाजला, पाव खाऊ घातला आणि ‘फारच छान’वरून ‘अतिशयच छान’वर बढती दिली.

तिसऱ्या दिवशी त्याची आत्या, आसेनाथा, ओट्यावर आली. यंत्र तिथंच ठेवलेलं होतं.

“बाळा, चर्चच्या बायकांचं जेवण आहे रे. हे जरा नेऊ का?”

नात्यातल्या माणसानं हक्कानं मागितलं, तर त्या मुलखात ‘नाही’ म्हणत नाहीत. म्हटलंच तर ते गावात पुढची वीस वर्षं पुरतं. कालिओवाचं काळीज हललं, पण जीभ सवयीच्या वळणावर गेली.

“ने की आत्या. विचारतेस काय.”

आत मेरेओनीनं पातेलं जरा जोरात आपटलं. “ओट्यावर ठेवू नकोस म्हणून सांगितलं होतं,” ती म्हणाली. “भीड भिकेची बहीण, ती तुझ्या नशिबी सख्खी.”

जेवण झालं, आणखी एक दिवस गेला, यंत्र काही परत येईना. शेवटी रविवारी प्रार्थनेनंतर कालिओवा आत्याकडे गेला. दिलेली वस्तू सरळ परत मागणं हेही तिथल्या रीतीत बसत नाही. त्यानं आधी आत्याच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग कोंबड्यांची, आणि मग म्हणाला, “ते यंत्र जरा बघावं म्हणतो.”

आत्यालाही ‘देत नाही’ म्हणता येईना. ती यंत्राच्या आणि त्याच्या मध्ये येऊन उभी राहिली.

“काय करतोस ते नेऊन? दांडा मेला आखूड. माझ्या खांद्यात चमक भरली. आणि दाबलं की सगळं यंत्रच बेडकासारखं पुढं उडी मारतं. कुणी पाहिलं तर तुझीच नाचक्की होईल. राहू दे इथं, झाकली मूठ.”

हीच आत्या, आणि हिनंच कागदावर ‘फारच छान’च्या पुढं खूण केली होती. कालिओवाला फार वाईट वाटलं. मान खाली घालून तो फाटकापर्यंत गेला, तिथं थबकला, आणि खिशातली पेन्सिल काढत धावतच परत आला.

“आत्या, आणखी काय वाईट आहे त्यात?”

आत्या घाबरली. “आणखी काय असणार? भोकं मोठी आहेत. चोथा पडतो दुधात.”

“वा,” कालिओवा म्हणाला आणि तिच्या गालाचा मुका घेतला. तीन झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला तर यंत्र लितियाना बाईंकडे गेलेलं. त्या चर्चमधल्या गायकांना सूर देत, आणि सूर देणाऱ्या बाईला आत्या तरी ‘नाही’ कशी म्हणणार? कालिओवानं या खेपेला कोंबड्यांत वेळ घालवला नाही.

“यंत्र न्यायला आलोय, बाई.”

“न्या ना, न्या.” लितियाना बाईंचा आवाज अर्ध्या सुरानं वर गेला. “पण कशाला ओझं वाहता? खिळे गंजतायत. दांड्याची कुसळं तळव्यात जातात, हे बघा. आणि कुईकुई इतकं करतं, की माझ्या बायका त्याच्याच सुरात गायला लागल्यात.”

सहा. कालिओवानं मनापासून आभार मानले. यंत्र न्यायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

मंगळवारी ते साकिउसाकडे सापडलं. साकिउसा त्याचा आतेभाऊ. आते-मामेभावांनी एकमेकांची यथेच्छ टवाळी करायची, अशी तिथली रीतच आहे, आणि साकिउसा रीतीला धरून वागणारा होता. अंगणात चटईवर पाचसहा जण यंगोनाच्या, म्हणजे मुळांच्या गुंगी आणणाऱ्या पेयाच्या, लाकडी परातीभोवती बसले होते, आणि मुळांचा भुगा कापडातून पिळायच्या ऐवजी दूध काढायच्या यंत्रात पाण्यासकट घालून दणादण दाबत होते. त्या डब्यातून आता नारळाचं दूध काढलं असतं, तर चर्चमधली निम्मी मंडळी प्रवचनाआधीच पेंगली असती.

“आला बघा यंत्राचा बाप,” साकिउसा म्हणाला. “पोर बापावरच गेलंय. आवाज फार, उरक कमी.”

“मग परत दे माझं पोर.”

साकिउसानं भरलेली करवंटी त्याच्या हातात दिली. “आधी पी. हे बघ भावा, तुझ्या भल्याचं सांगतो. चकती तिरकी बसते. डबा लहान, चार माणसांनाही पुरत नाही. धुवायला हात आत जात नाही.”

“आणि एकट्यानं उचलवत नाही,” कडेचा एक म्हातारा म्हणाला. “तेव्हा नेणार कसं?”

“लितियाना बाईंकडून इथं कुणी आणलं?”

“मीच एकट्यानं,” साकिउसा म्हणाला. “म्हणून तर ठाऊक.”

दहा. कालिओवानं करवंटी एका दमात रिकामी केली, जमलेल्यांच्या रीतीप्रमाणे तीनदा टाळी वाजवली आणि हात हलवत घरी आला. तक्रारी पुऱ्या दहा आणि यंत्र एकही नाही.

बुधवार-गुरुवार त्यानं होड्यांना हात लावला नाही, सगळं यंत्रच नव्यानं केलं. नवा दांडा लांब आणि घासून गुळगुळीत. खाली पाय देऊन उभं राहायला फळी, म्हणजे उडी मारायला नको. मोठा डबा, बारीक भोकं, न गंजणारे खिळे, सरळ बसणारी आणि सुटी होणारी चकती, उचलायला दोन कान. सांध्यांना खोबरेल. शुक्रवारी सकाळी त्यानं ते ओट्यावर नाही, घरात ठेवलं आणि दार लावून घेतलं.

मॅडमनी तक्रारी दोनदा वाचल्या. “आता कसं माणसांनी लिहिल्यासारखं वाटतंय. पण चालवून दाखवा. तुम्ही नाही, रोज दूध पिळणारं कुणीतरी.”

घरात तसं एकच माणूस होतं. मेरेओनी हात पुसत नाखुशीनंच आली. तिनं फळीवर पाय दिला, दांडा दाबला. दाट दूध सरसरत पातेल्यात आलं. तिनं पुन्हा दाबला. मग थांबून आपल्या बोटांकडे पाहिलं, आणि तिसऱ्यांदा दाबला.

“उत्तम,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फॉर्मवर पेन टेकवलं. “मग हे मी आजच घेऊन जाते. लंबासाला प्रदर्शनात ठेवायचंय. नेऊ ना?”

कालिओवाची जीभ सवयीनं ‘न्या की’ म्हणायला वळलीच होती.

“हे?” मेरेओनी म्हणाली. तिनं दांडा सोडला नव्हता. “कशाला नेता मॅडम? दांडा जड आहे. फळी हलते. डबा केवढा मोठा, दोन माणसांच्या घरात काय करायचाय? तेलाचा वास येतो. तुमचीच फजिती होईल चारचौघांत.”

मॅडमचं पेन वर उचललं गेलं. “म्हणजे अजून तयार नाही म्हणता?”

कालिओवाच्या एका शब्दाचं काम होतं. फळी हलत नाही, बायको खोटं बोलतेय, एवढं म्हटलं की वेल्डिंग मशीन त्याचं. पण पाळणा आणि पंख्याच्या काळापासून या बाईनं त्याच्या हातची एकही वस्तू स्वतःसाठी ठेवून घेतली नव्हती, आणि आज तिची बोटं दांड्यावर घट्ट आवळलेली होती. त्याला इतका आनंद झाला, की डोळे भरून आले.

“लिहून घ्या, मॅडम,” तो म्हणाला. “ती म्हणते ते सगळं खरं आहे.”

सुभाषनी मॅडम जन्मल्या, वाढल्या त्या लंबासालाच; तोंडानं न म्हटलेलं ‘नाही’ त्यांना बरोबर ओळखू येई. त्यांनी मेरेओनीच्या मुठीकडे पाहिलं, मग शांतपणे लिहायला सुरुवात केली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, “तक्रारी एकूण चौदा. वापरणारी बाई यंत्र सोडायला तयार नाही.” खाली त्यांनी ‘पास’वर खूण केली आणि सही ठोकली. “प्रदर्शनासाठी दुसरं करा. बुधवारी गाडी पाठवते.”

त्यांची गाडी वळणाआड गेल्यावर कालिओवा आत आला.

“का गं, दांडा खरंच जड जातो?”

“जातोच,” मेरेओनी म्हणाली आणि तिनं दुसरा नारळ खवायला घेतला.