टेंभरे काकाजींची चालू तक्रार

"वाजवा!"

फोन लागला की टेंभरे काकाजी एवढंच म्हणायचे. नमस्कार नाही, नाव नाही, गाव नाही. पलीकडचा माणूस बिचारा "कोण बोलतंय?" असं विचारायचा. काकाजी आवाज चढवायचे, "घंटी वाजवा जी! जे इकाले काढली, ते." मग फोन कानाशी घट्ट दाबून, डोळे मिटून ऐकायचे. लगेच खेकसायचे, "हात लावून राहिले तुम्ही तिले! दोरीनं टांगा, अन् मंग वाजवा."

काकाजी फुलचूरला आमच्या शेजारी राहायचे. आमची आणि त्यांची कंपाउंडची भिंत एकच. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन रायपूरला. नोकरी त्यांनी धान खरेदी केंद्रावर केली, ग्रेडर म्हणून. म्हणजे शेतकरी धानाची पोती घेऊन आला की परखी नावाची टोकदार नळी पोत्यात खुपसायची, आतलं धान बाहेर ओढायचं आणि दाताखाली चावून ओल किती ते सांगायचं. वरच्या थरात चांगलं धान आणि खाली फोल भरणारे भेटले, तसे एकदम सच्चेही भेटले. पण काकाजींच्या लक्षात राहिले ते पहिलेच. निवृत्त झाल्यावर पोती गेली, परखी मात्र डोक्यात राहिली. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांबद्दल त्यांचं एकच म्हणणं असायचं, "परखी माराच लागते, मॅडम. वरून सगळंच चांगलं दिसते."

मी शाळेत शिकवते म्हणून मला मॅडम म्हणायचे. माझ्या नवऱ्याला साहेब. साहेबांवरही त्यांचा विश्वास नव्हताच, पण साहेबांकडे कॉम्प्युटर होता.

आमच्याकडे नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं तेव्हाची गोष्ट. नवरा जुन्या वस्तूंच्या लिलावाची एक साइट बघत बसला होता आणि काकाजी पेपर परत करायला आले होते. पडद्यावर बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा दिसली. काकाजी चष्मा पुसून वाकले.

"हे तं बैलाची घंटी होय. हे फोटो काढून इकतेत?"

"हो. लोक जमवतात."

"अन् न वाजवता घेतेत?"

नवरा म्हणाला, फोटोवरूनच घ्यावी लागते. काकाजी त्या दिवशी पेपर ठेवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले आणि खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसले. "आपणही घेऊन पाहू एखादी. पाहू, कोण कसा फसवते ते."

माणसं आवड म्हणून वस्तू जमवतात. काकाजींनी संशयापोटी सुरुवात केली आणि आवड नंतर लागली. पितळात बारीक तडा असला तर फोटोत दिसत नाही, आवाजात लगेच कळतो, हा त्यांचा सिद्धान्त. त्यामुळे फोनवर वाजवून दाखवल्याशिवाय सौदा नाही. घंटेचा फोटो त्याच दिवशीच्या वर्तमानपत्रावर ठेवून काढलेला पाहिजे. पार्सल आलं की ते एकट्यानं उघडायचे नाहीत. आम्हा दोघांना पंच म्हणून अंगणात उभं करायचे, खोक्याच्या चारी बाजू आम्हाला दाखवायचे आणि मग सुरी लावायचे. एकदा नवरा आंघोळीला गेला होता तर कुरिअरवाल्यालाच पंच म्हणून थांबवून घेतलं.

साइटवर एक शिष्टाचार होता. सौदा झाला की घेणाऱ्यानं विकणाऱ्याला पाच तारे द्यायचे, विकणाऱ्यानं घेणाऱ्याला पाच. दोन गोड शब्द लिहायचे आणि विषय संपवायचा. काकाजी सगळ्यांना तीन तारे द्यायचे. "पाच देले तं माजते," म्हणायचे. अभिप्राय मी टाइप करायचे, मजकूर त्यांचा. 'माल ठीक. माणसाचं पुढं पाहू.' उत्तरेकडच्या एका विक्रेत्यानं भडकून त्यांना उलट एकच तारा दिला. मला वाटलं, आता भांडण होणार. काकाजी मात्र खूश झाले. "हा खरा माणूस. पोटात हाय ते बोलला." त्याच्याकडून त्यांनी पुढे आणखी दोन घंटा घेतल्या.

अशात त्यांना कऱ्हाडच्या निर्मलाबाई शेटे भेटल्या.

बाईंकडे घंटा बऱ्याच होत्या आणि सगळ्या एकेक करून विकायला काढलेल्या. काकाजींना पहिला संशय आला तो इथेच. "एका बाईजवळ एवढ्या घंट्या काऊन? देवळातल्या तं नाही?" आमच्याच घरून फोन लावला, पण सवयीप्रमाणे "वाजवा" म्हणायच्या आधीच बाई, मलाही ऐकू येईल इतक्या मोठ्यानं, म्हणाल्या, "आधी तुमचं नाव सांगा. घरचे कोण कोण आहेत ते सांगा. आणि जरा जोरात बोला, पुटपुटू नका."

काकाजींना असं कुणी विचारलं नव्हतं. ते नाव सांगून मोकळे झाले.

"घंट्या कुठल्या होय तुमच्या?"

"आमच्या ह्यांच्या. ते गेले. आता मी कुणासाठी पुसत बसू?"

"मंग सगळ्या एकदम काऊन नाही इकत?"

"काऊन म्हणजे काय?"

"काऊन म्हंजे कायले!"

"कायले म्हणजे काय?"

मी मध्ये पडून 'का' असा अर्थ सांगितला. बाई म्हणाल्या, "मग सरळ का म्हणायचं. एकदम विकल्या तर भंगारवाला घेऊन जाईल. मला माणसं बघून द्यायच्यात."

बाईंनी घंटा वाजवली. काकाजींनी डोळे मिटले. बराच वेळ तो नाद ऐकून म्हणाले, "घेतली."

पार्सल आलं, आम्ही पंच उभे राहिलो, घंटा निघाली. सुरेख होती, कुठे ओरखडा नाही. काकाजींनी ती पेरूच्या फांदीला टांगून वाजवली आणि त्यांचा चेहरा बदलला. "हे ते नव्हे."

"म्हणजे?"

"फोनवर वाजवली ते याहून बारीक बोलत होती. हे जाड बोलते. बाईनं एक दाखवून दुसरी धाडली."

त्याच संध्याकाळी मला साइटवर तक्रार लिहायला लावली. मग फोन. बाई खवळल्या. "वीस वर्षं मी त्या घंटा पुसल्यात. मला माझी घंटा कळत नाही? तुम्ही वाजवून दाखवा!" काकाजींनी वाजवली. बाई म्हणाल्या, "हीच ती." काकाजी म्हणाले, "नव्हे." बाई म्हणाल्या, "उद्या पुन्हा वाजवा, आज तुमच्याकडे वारा आहे."

आणि मग ते सुरूच झालं. रोज दिवेलागणीला काकाजी अंगणात यायचे, पेरूखाली फोन लावायचे, घंटा वाजवायचे आणि भांडायचे. गल्लीतल्या लोकांना वाटलं, काकाजी देवाला लागले. समोरच्या वहिनी तर एकदा खोबरं-साखर घेऊन आल्या आणि आरती झाली का विचारू लागल्या. काकाजींनी खोबऱ्याचा वास घेऊन पाहिला आणि मग खाल्लं.

हळूहळू भांडण थोडं आणि बाकीचं जास्त होऊ लागलं. भिंतीपलीकडून मला तुकडे ऐकू यायचे. "भात कोणता खाता तुम्ही? ... नाही, ते पॉलिश केलेला राहते, फसवून राहिले तुम्हाले." किंवा, "डॉक्टर म्हणते म्हून गोळी घेऊ नोका, चिठ्ठी दाखवा दुसऱ्याले." पोळ्याच्या सुमारास एक बदल माझ्या लक्षात आला. घंटा वाजवणं कमी झालं होतं. फोन मात्र रोज होता आणि काकाजी पूर्वीपेक्षा सावकाश, छातीतून आवाज काढून बोलायचे. मला वाटलं, खोकला झाला असेल.

मग साइटवरून निरोप आला. तक्रार बरेच दिवस पडून आहे, मिटली की नाही ते कळवा, नाहीतर आम्ही बंद करू. मी काकाजींना वाचून दाखवलं.

"लिहा, मिटली नाही."

"अहो, पण तुम्ही तर आता छान बोलता त्यांच्याशी."

"बोलनं अलग, तक्रार अलग. थांबा, तिले विचारतो." त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. बाईंचं उत्तर मलाही ऐकू आलं, "बंद करायची काय घाई आहे? माझ्या इमानदारीचा प्रश्न आहे!" काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी लिहिलं, मिटली नाही.

यानंतर एका रविवारी दुपारी आमच्या दारात एक अनोळखी गृहस्थ उभे राहिले. पंचेचाळिशीचे, पाठीवर बॅग, चेहऱ्यावर राग. म्हणाले, "मी प्रशांत शेटे. नागपूरला असतो. निर्मला शेटे माझी आई. साइटवर तुमचा पत्ता आहे. टेंभरे कोण?"

मी त्यांना बसवून काकाजींना हाक मारली. काकाजी आले आणि त्यांनी पाहुण्यांकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. पाहुण्यांनीही त्यांच्याकडे तसंच पाहिलं.

"तुम्ही माझ्या आईला रोज फोन का करता?"

"तक्रार हाय माही."

"किती महिने? एका घंटेची?" प्रशांतचा आवाज चढला. "ती एकटी असते. अशा एकट्या बायकांना फोनवर गोड बोलून फसवणारे लोक मला माहीत आहेत. उद्या म्हणाल, घर नावावर करा. काय आहे तुमच्या मनात?"

मला वाटलं, आता काकाजी उसळणार. जन्मभर दुसऱ्यावर संशय घेतलेला माणूस, त्याच्यावर घरी येऊन कुणी संशय घेत होतं. पण काकाजी शांतपणे उठले, घरी गेले आणि आधार कार्ड, पेन्शनचं पुस्तक आणि मुलीचा नंबर घेऊन आले. सगळं टेबलावर मांडलं.

"पाहून घ्या. माह्या पोरीले फोन लावा. गल्लीत विचारा. तुम्ही आले, बरं केलं. मायची चौकशी पोरानं नाही कराची तं कोणं कराची?"

प्रशांतनं खरंच सगळं तपासलं. कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. मी चहा ठेवला. चहा येईपर्यंत त्याचा राग ओसरला होता. म्हणाला, "काका, मी ती घंटा परत घेऊन जातो. चूक आईचीच असणार. तिला..." तो थांबला. "तिला हल्ली नीट ऐकू येत नाही. ती कबूल करत नाही. डॉक्टरांकडे येत नाही."

"माहीत हाय," काकाजी म्हणाले.

आम्ही दोघंही त्यांच्याकडे पाहत राहिलो.

"बारीक आवाज जाते तिच्या कानातून. बोलनं समजते, पन घंटी नाही समजत. जोडी होती ते. दोन बैलांच्या दोन घंट्या, दिसाले सारख्या, बोलाले अलग. कोणता बैल कुठं चरून राहिला, हे मालकाले समजलं पाहिजे म्हून. तिनं एक वाजवली अन् दुसरी बांधली. तिले दोन्ही सारख्याच. फसवलं नाही तिनं."

"तुम्हाला कसं कळलं?"

काकाजी जरा ओशाळले. "पोळ्याच्या आधी एक दिवस मी घंटी हाती घेतलीच नाही. चूप उभा राहिलो. मंग विचारलं, कसा आला आवाज? म्हनली, कालच्यापेक्षा छान आला."



"मग तुम्ही तिला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"तिनं लपवलं, म्हंजे तिले सांगाचं नसन. मी कायले बोलू? अन् तक्रार बंद केली असती तं मंग फोन कोन्या नावानं केला असता?"

प्रशांत कप हातात धरून बसला होता. मग खाली बघत म्हणाला, "मी फोन केला की ती भलतंच उत्तर देते. मी जेवलीस का विचारतो, ती म्हणते पाऊस नाही. मला वाटायचं, ती माझ्यावर चिडली आहे. मग मी मेसेजच करायला लागलो. तेही ती वाचत नाही."

"तुमचा आवाज बारीक हाय," काकाजी म्हणाले. "अन् तुम्ही घाई करता. हळू बोला, छातीतून. एका वेळी एकच गोष्ट विचारा. तिनं भलतं सांगतलं तं हसू नोका अन् चिडूही नोका, तेच पुन्हा विचारा, दुसऱ्या शब्दात. पंखा चालू असला तं बंद कराले सांगा." बोलताना ते पुढे झुकले होते, एखाद्याला घरची चावी देताना कुलूप कसं उघडायचं ते नीट समजावून सांगावं तसे. "लावा फोन. आता लावा."

प्रशांत उठून दाराबाहेरच्या ओट्यावर गेला. पहिल्यांदा त्याचा आवाज नेहमीसारखाच निघाला. मग थांबला, घसा खाकरला आणि जड, सावकाश आवाजात म्हणाला, "आई... मी प्रशांत... पंखा बंद कर."

मी कान टवकारले होते हे कबूल करते. काकाजींनी मला खूण केली, उठले आणि मधलं दार ओढून घेतलं. कुरिअरच्या पाकिटावरचा प्रेषकसुद्धा दोनदा वाचणारा हा माणूस, दाराकडे पाठ करून आमच्या स्वयंपाकघरात उभा राहिला आणि मला डाळीचा भाव विचारू लागला. भाव काय सांगितला, त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

बाहेर बोलणं संपेना. दिवे लावायची वेळ झाली. दारातून शब्द येत नव्हते, फक्त प्रशांतचा तो जड आवाज आणि मध्येच त्याचं हसणं. काकाजींनी सवयीनं खिशातून मोबाइल काढला, बटणावर अंगठा ठेवला आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

"लाइन बिझी राहील ना जी," ते म्हणाले.

"हो. बराच वेळ राहील असं दिसतंय."

त्यांनी मोबाइल पुन्हा खिशात ठेवला. 

"राहू द्या," ते म्हणाले. "मी उद्या लावीन."