सरजाची तगर

दवाखान्यातून फोन आला, माझी बायको सरजा गेली. मी तेव्हा अंगणात तिच्या तगरीला पाणी घालत होतो. पानं कुणीतरी कुरतडली होती. तिथंच ठरवलं, ही तगर वाचवायची! कपाशीतल्या किडीशी जन्मभर भांडलोय. मला कीड ओळखायला कुणी शिकवू नये!

दहाव्याला चारठाण्याहून माझी थोरली बहीण चांगुणाबाई आली. आमच्यात परातीत पीठ पसरतात, शेजारी दिवा ठेवून वर टोपलं पालथं घालतात. सकाळी पिठात ज्याचं पाऊल दिसेल, त्या जन्माला माणूस गेलं. आम्ही टोपलं उचललं, तर पाऊल नाही, अख्खं पाखरू! पिठानं पांढरंफट, जणू गिरणीत कामाला होतं!

"सरजा!" आक्कानं हंबरडा फोडला.

"आक्का, कपाशीच्या अळीचं पाखरू हाय ते."

"एवढं मोठं? तुझी कपाशी काय वडाएवढी व्हती?"

मी हटलो नाही. शेजारच्या सिद्धोधन गुरुजींना बोलावलं. त्यांनी फुंकर मारून पीठ उडवलं. खाली हिरवागार रंग, त्यात गुलाबी पट्टे!

"सरजाचं हिरवं पातळ!" आक्का म्हणाली. "पटली ओळख!"

गुरुजींनी मोबाइलमधल्या किडे ओळखणाऱ्या अ‍ॅपवर फोटो काढला. "हे म्हणायलंय, पान हाय."

"पुन्हा काढा!"

दुसऱ्या फोटोला उत्तर आलं, गुरुजींनी वाचून सांगितलं. "कण्हेरीवरचा पतंग. तगरीवरबी अंडी घालतो. अळी हिरवी, शेपटावर शिंग."

तगरीवर! मी धावलो. पानाआड बोटाएवढ्या हिरव्या अळ्या, शेपटावर शिंग! सापडले चोर! फवारणीचा पंप पाठीवर घेतला, तर आक्का हात पसरून झाडापुढं उभी.

"खबरदार! सरजाची लेकरं हायत ती!"

"आक्का, आमाला लेकरं न्हाईत."

"म्हणूनच म्हणते! आता झाली!"

पंपाचा दांडा हातात तसाच राहिला.

आक्का गावी गेली. तगरीचा खराटा झालाय. पण झाड वाचवायचं म्हणजे वाचवायचं! म्हणून अळ्यांसाठी रोज गुरुजींच्या तगरीच्या फांद्या तोडून आणतो. त्यांच्या सुकेशनीबाई कुंपणावरून विचारतात, "भाऊ, आमचं झाड कुणी वाचवायचं?"

पंप भरून ओसरीत ठेवलाय. फवारणी राहिली आहे.