विश्रामरावांचा लॅपटॉप आणि उसनी मांडी

मुलांनो, जवळ या. पाठीवरच्या बॅगा खाली ठेवा. बेतानं ठेवा, नाहीतर कंबर धरेल. हो, तुम्हालाच म्हणतोय, टक्कल पडलेल्या मुलांनो.

एका जंगलात, जिथे रेंज बरी होती आणि अक्कल बेताची, विश्राम नावाचा ससा राहायचा. आपण त्याला विश्रामराव म्हणू. त्याला तसं आवडायचं.

त्या जंगलात एक वाघ होता. म्हणून सशांचा एक रिवाज होता. वाघाचा वास आला की हाताशी असेल ते उचलायचं आणि दुसऱ्या बिळात पळायचं. जे उचलून पळता येत नाही, ते घरात आणायचंच नाही. एवढ्यावर सगळी ससेजमात जिवंत होती.

विश्रामरावांना ‘वाघमार’ नावाच्या गेमचा नाद होता. त्यांच्या जुन्या, पाटीएवढ्या लॅपटॉपवर तो अडकायचा. गोळी आज सुटायची आणि वाघ उद्या पडायचा. विश्रामरावांना हा अपमान वाटायचा. खरा वाघ दिसला की शेपूट वर करून पळणाऱ्याला अपमान कशाचा, ते मला विचारू नका.

मग ते बायकोला, सुगंधाला, घेऊन कोल्हेसाहेबांच्या दुकानात गेले.

“हा घ्या,” कोल्हा म्हणाला. “जंगलातला सगळ्यात ताकदवान लॅपटॉप. वाघाची मिशी न् मिशी दिसते.”

“पळताना उचलता येईल का?” सुगंधानं विचारलं.

“वहिनी, लॅपटॉप आहे हा! लॅप म्हणजे मांडी. मांडीवर मावतो, म्हणून तर तसं नाव.”

“कुणाच्या मांडीवर?”

कोल्ह्यानं लॅपटॉपखालचं टेबल एका बोटानं ढकललं. लॅपटॉप सुळकन इकडून तिकडे गेला. “बघा, किती हलका!”

“अहो, टेबलाला चाकं आहेत,” सुगंधा कुजबुजली.

“तू गप्प बस गं. तुला ग्राफिक्समधलं काय कळतं?”

असं म्हणणारे नवरे फक्त जंगलातच असतात, अशा भ्रमात राहू नका.

लॅपटॉप रेड्याच्या पाठीवरून घरी आला. बिळात काही शिरेना. शेवटी बाहेरच, जांभळीखाली ठेवला. जांभळीला प्लग होता. का होता? गोष्टीत असतो. चार्जर तर अख्खी वीट होती. पंखे सुरू झाले की झाडावरच्या साळुंक्या शिव्या देत उठून जायच्या. विश्रामराव मात्र खूश. शेजारचा ससा आपला चपटा लॅपटॉप काखेत मारून निघाला की ते म्हणायचे, “त्यावर अर्ज भरा हो, अर्ज!”

आणि एके दिवशी दुपारी वाघाचा वास आला.

सगळे ससे पळाले. सुगंधानं पिल्लांना पुढे घातलं आणि मागे वळून ओरडली, “अहो, सोडा तो धोंडा! चला!”

“असा कसा सोडू? सगळ्या सेटिंग्ज अल्ट्रावर आहेत!”

“जीव जाईल हो!”

“उचलून आणतो. तू हो पुढे.”

त्यांनी लॅपटॉप ओढून पाहिला. ढकलून पाहिला. मग कोल्ह्याचं बोलणं आठवलं आणि मांडी घालून तो कसाबसा मांडीवर ओढून घेतला. मांडी दिसेनाशी झाली. वर चटकाही बसला. तरी या गाढवाला, म्हणजे सशाला, काय वाटलं असेल? लॅपटॉप चुकीचा आहे? छे! त्यांना वाटलं, आपली मांडीच कमी पडते. त्यांनी हेडफोन चढवले आणि तात्पुरता एक गेम सुरू केला.

“काय चाललंय?” मागून कुणीतरी खांद्यावर थोपटून विचारलं.

विश्रामरावांनी हेडफोन जरासा सरकवला. मान काही वळवली नाही. “वाघ मारतोय. फक्त मांडी पुरत नाही हो. कुणाची ऐसपैस मांडी मिळाली तर मजा येईल.”

“माझी घे की.”

मागची असामी बसली. तिनं लॅपटॉपसकट विश्रामरावांना अलगद मांडीवर घेतलं. मांडी मऊ होती, पिवळी होती, तिच्यावर काळे पट्टेही होते. विश्रामरावांनी खाली पाहिलं असतं तर दिसले असते.

“वा! काय प्रशस्त मांडी आहे आपली!” ते म्हणाले.

“सगळे म्हणतात,” असामी म्हणाली. “पुढे काही बोलत नाहीत.” आणि तिनं शेपटीनं वीट ओढून प्लग काढला. “आता बॅटरीवर खेळ. लॅपटॉप आहे ना?”

पंख्यांनी एक लांब उसासा टाकला. बॅटरी बघता बघता संपली. पडदा काळाकुट्ट झाला आणि त्या काळ्या काचेत एक भलंमोठं तोंड दिसलं. सुळे, जीभ, मिशी न् मिशी.

विश्रामराव हरखून म्हणाले, “अहाहा! काय ग्राफिक्स!”

ते त्यांचे शेवटचे शब्द.

पलीकडच्या बिळात सुगंधा त्यांची वाट बघत बसली. आधी चिडली, मग घाबरली, मग पिल्लांना पोटाशी धरून ढसाढसा रडली.

तात्पर्य : लॅपटॉप घेताना फक्त ताकद बघावी, वजनाची फिकीर मुळीच करू नये. आपली मांडी पुरली नाही, तर मांडी देणारा कुणीतरी भेटतोच.