विठ्ठलरावांची संस्कृती

मोहिनीला राहायला जागा मिळत नव्हती असं नाही. जागा मिळत होती आणि ती नाकारत होती. बीडच्या पहिल्या लॉजच्या भिंतीवर बर्फाचे डोंगर होते. दुसऱ्यात नाश्त्याला ब्रेड-बटर होतं. तिसऱ्याचा मॅनेजर म्हणाला, "मॅडम, एकदम पुण्यासारखी रूम हाय," आणि मोहिनीनं बॅग उचलली. पुण्यासारखी रूम तिच्याकडे पुण्यात होती.

एकटीनं केलेला तिचा हा पहिला प्रवास होता आणि तो शेवटचाही ठरू शकत होता. घरी तसा तह झाला होता. अंधार पडायच्या आत तिचा मुक्काम एखाद्या चांगल्या ठिकाणी ठरला, तर यापुढे ती कुठंही एकटी जाईल आणि बाबा चकार शब्द काढणार नाहीत. नाही ठरला, तर मुकाट्यानं गेवराईला आत्याकडे जायचं आणि पुढची सगळी वर्षं आई-बाबांबरोबर टेम्पो ट्रॅव्हलरमधून फिरायचं. लॉजवर राहायचं नाही, घरातच राहायचं, हे कलम मात्र तिनं तिसऱ्या लॉजच्या पायरीवर स्वतःच घातलं. जिथं गेल्यावर आपण कुठं आलोय हे कळत नाही, तिथं झोपायचं कशाला?

तिनं फोनवर असं गाव शोधलं, ज्याबद्दल कुणी फारसं लिहिलेलं नाही. नांदूरघाटला एकच अभिप्राय सापडला. तोही पंक्चरच्या दुकानाचा: 'हवा चांगली भरतात.' तिला तो प्रामाणिक वाटला. नेकनूरपर्यंत उभ्यानं आणि पुढे कुणाच्या तरी कोथिंबिरीच्या पोत्याला टेकून ती दुपारी नांदूरघाटला उतरली आणि समोरच्या आसारामच्या चहाच्या हॉटेलात शिरली.

"काका, मला इथली संस्कृती पाहायचीये."

आसारामनं गाळणी हवेतच धरली. "संस्कृती?"

"हो. मुद्दाम त्यासाठी पुण्याहून आलेय."

"एकल्याच? कावून?"

"घोळका घेऊन गेलं की खरं काही दिसत नाही."

"ह्ये बाकी बराबर बोलल्या. जीपभर माणसं येत्यात, पोह्यावर ताव मारत्यात अन् कळवतो म्हणून जात्यात."

पर्यटकांची ही जात मोहिनीला ठाऊक होती. तिनं खेदानं मान हलवली. "मग कुठं पाहायला मिळेल?"

"विठ्ठलरावाच्या घरी. दुसरीकडं कुठं?"

"अख्ख्या गावात एकाच घरात उरलीये?"

"एक पंडितच्या घरी व्हती. ती मागल्या साली अंबाजोगाईला दिली."

"दिली म्हणजे?"

"दिली म्हंजे दिली. वय झालं, घरी ठिवून काय करता?"

गावानं आपली निम्मी संस्कृती वयोमानामुळे अंबाजोगाईला देऊन टाकली, हे ऐकून मोहिनीला वाईट वाटलं. तिथं बहुधा संग्रहालय असावं. "विठ्ठलरावांनी तरी नीट जपलीये ना?"

"लई जपली. हातात मोबाईलसुदीक देत न्हाईत."

संस्कृती ही विठ्ठलरावांची लग्नाची मुलगी होती. हे गावात सगळ्यांना माहीत असल्यामुळे कुणी ते वेगळं सांगत नसे. मोहिनी चहा पीत असतानाच आसारामनं कोपऱ्यात जाऊन फोन लावला. "विठ्ठलराव, पोराकडची बाई आलीया. एकलीच. बहीण असंल. न्हाई हो, म्या कशाला पाठवू, स्वतःहून संस्कृतीचं नाव घेतलं!"

मोहिनी पोहोचली तेव्हा अंगणात सडा पडला होता, सतरंजी अंथरली होती आणि विठ्ठलराव इस्त्रीच्या घडीचा शर्ट घालून उभे होते. त्यांची बायको सुंदरबाई दारात आणि म्हातारी चुलती कडूबाई खुर्चीत. सगळे मोहिनीकडे असे पाहत होते, की ती सुखावली. इतकं अगत्य तिला कुठल्याच लॉजवर मिळालं नव्हतं.

"आधीच सांगते," ती खुर्चीत बसता बसता म्हणाली, "पाहुण्यांसाठी नटवलेलं मला काही नको. रोज जशी असते, तशीच पाहायचीये."

आतल्या खोलीत पावडरचा डबा बंद झाल्याचा आवाज आला.

"तसंच दाखवू," विठ्ठलराव भारावून म्हणाले.

"किती जुनी आहे हो इथली संस्कृती?"

"जुनी?" सुंदरबाईचा चेहरा उतरला. "चैत्रात बावीस सरली. जुनी कशानं?"

"बावीस शतकं!" मोहिनी म्हणाली. "म्हणजे थेट सातवाहन!"

विठ्ठलराव सावध झाले. "न्हाई ताई. सातवाहनात आमची सोयरीक न्हाई."

तेवढ्यात एक मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली आणि मान खाली घालून समोरच्या खुर्चीवर बसली. मुलीला आधी नाव विचारतात, हा दस्तूर. मोहिनीनं विचारलं, "पोहे तू केलेस? मला शिकवशील?"

"नाव न्हाई इचारलं," कडूबाई सुंदरबाईच्या कानात म्हणाली.

"ठाव असंल."

मग विठ्ठलरावांनी हळूच खडा टाकला. "भाऊ हाय म्हणं तुमाला?"

"आहे ना. बेंगळुरूला. सॉफ्टवेअर."

"लगीन?"

"कुठलं! त्याला कोण मुलगी देणार? स्वतःचा कप विसळता येत नाही."

विठ्ठलरावांनी समाधानानं कडूबाईकडे पाहिलं. पोराच्या बहिणीनं पोराची खोड आपण होऊन सांगावी, हे त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मागे ते स्वतः एका सोयरिकीच्या चौकशीला माजलगावला गेले होते, तर तिथं दारू पिऊन ओट्यावर पडलेल्या पोराला 'उपास हाय त्याचा' म्हणून सांगितलं होतं.

"शेती?"

"बाल्कनीत एक कुंडी आहे."

"पान, तंबाखू?"

"छे."

कडूबाईनं पगारही विचारला. मोहिनीनं तोही सांगितला. अनोळखी माणसाशी इतकं मोकळं बोलणं पुण्यात शक्यच नव्हतं. इथं जे काही होतं ते अस्सल होतं, आणि तिचं मन पक्कं झालं. तिनं ताटली खाली ठेवली.

"काका, मला सगळं फार आवडलं. आज जेवण इथंच. आणि मुक्कामही इथंच."

या घराची रीत अशी, की मुलगी पाहायला आलेले पाहुणे चहा-पोह्यांवर उठतात. जेवायला बसले तर पसंत. मुक्काम तर ठरलेल्या सोयरिकीतही आजवर कुणी केला नव्हता.

"ताई," विठ्ठलराव पुढं सरकून म्हणाले, "इच्यार करून बोलता न्हवं? घरी तरी इचारा."

"घरी विचारायचं नाही, असंच ठरलंय. निर्णय माझा."

"लई खमकी हाय," कडूबाई म्हणाली. "नणंद अशीच पाह्यजे. उद्या भाऊ वाकडा चालला तर हीच सरळ करंल."

मोहिनीला यातलं 'खमकी' तेवढं ऐकू आलं आणि आवडलं. तिनं तिथूनच बाबांना फोन लावला. "बाबा, मुक्काम ठरला! घरात!" बाबांना खात्री पटेना. घरमालकांना दे म्हणाले. तिनं फोन विठ्ठलरावांच्या हातात ठेवला.

"रामराम पाव्हणं," विठ्ठलराव उठून उभे राहिले. "ताईंनी तर पसंती दिली. तुमचं काय?"

"तिला पसंत तर आम्हाला पसंत," बाबा म्हणाले. "तिच्या निर्णयात आम्ही पडायचं नाही, असं कबूल केलंय. तुमची माणसं मात्र चांगली वाटतायत."

"मग पुढचं कधी?"

"पुढचं तिचं ती बघेल. सोमवारच्या आत मोकळं करा म्हणजे झालं. ऑफिस असतं."

फोन बंद झाला. विठ्ठलराव सतरंजीवर बसलेच.

"काय म्हणत्यात?" सुंदरबाईनं विचारलं.

"सोमवारच्या आत उरका म्हणत्यात."

त्यानंतर घर जे सुटलं, ते कुणाला आवरेना. विठ्ठलरावांचा भाऊ रामकिसन पेढे घेऊन आला. त्याचा मुलगा अंगद पाण्याचा जार खांद्यावर घेऊन आला. आसाराम किटली घेऊन आला आणि 'म्याच जमवलं' असं येईल त्याला सांगू लागला. भावकी जमली, नारळ आला, मांडववाल्याला फोन गेला. सुंदरबाईनं मोहिनीची ओटी भरली. मोहिनीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एका रात्रीच्या पाहुणीसाठी एवढं? नेटवर हे लिहायचंच नाही, असं तिनं ठरवलं. लिहिलं की लोक येऊन वाट लावतात.

भाकरी शिकायची म्हणून ती आत गेली. ट्रे आणलेली मुलगी चुलीपुढं बसून पिठावर राग काढत होती.

"माझं जरा ऐकता का, ताई?" ती भाकरी थापता थापता म्हणाली. "सोमवारच्या आत? म्या तुमच्या भावाला पाह्यलंबी न्हाई."

"माझ्या भावाला तू कशाला पाहायचं?"

"वा! म्हंजे तुमी येऊन मला पाहायचं, अन् म्या कुणालाच पाहायचं न्हाई?"

"मी तुला कुठं पाहायला आले? मी तर..." मोहिनी थांबली. मघापासूनचे पोहे, पगार, पेढे आणि नारळ तिच्या डोक्यात रांगेनं उभे राहिले. "नाव काय गं तुझं?"

"संस्कृती."

तव्यावरची भाकरी करपू लागली. दोघींपैकी कुणीच ती उलटली नाही. मग मोहिनीनं सगळं सांगितलं, आणि संस्कृती तोंडात पदर कोंबून इतकी हसली, की सुंदरबाईला वाटलं पोरगी रडतीया, आणि ती बाहेर बसून समाधानानं डोळे पुसू लागली.

"म्या सांगू का बाहेर?" संस्कृतीनं दम घेत विचारलं.

"नको. घोळ माझा आहे." मोहिनी ओटीच्या तांदळासकट अंगणात आली आणि एका दमात बोलून मोकळी झाली. भाऊ आहे, पण त्याला यातलं काही माहीत नाही. संस्कृती म्हणजे रीतभात, घरं, जेवणखाण, असं तिला म्हणायचं होतं.

"मग रीतभात म्हणायचं न," रामकिसन म्हणाला.

सगळ्यांनी आसारामकडे पाहिलं. "मला काय पाहता? ह्या संस्कृती म्हणल्या, म्या संस्कृती दाखवली."

विठ्ठलरावांचे इस्त्रीच्या शर्टातले खांदे खाली आले. मोहिनीनं ओटी सुंदरबाईच्या हातात परत दिली आणि बॅग उचलली. ऊन उतरलं होतं. गेवराईकडे जायला शेवटची एसटी मिळाली असती. "माफ करा काका. मी निघते."

"थांब पोरी," कडूबाई खुर्चीतून म्हणाली. "तुझं लगीन झालंय का?"

"नाही."

"कावून?"

कडूबाईनं नारळाकडे पाहिलं, पेढ्यांकडे पाहिलं, जमलेल्या भावकीकडे पाहिलं. तिला काहीही वाया गेलेलं चालत नसे. "समदं आणलंच हाय. आमचा अंगद काय वाईट हाय?"

अंगदच्या खांद्यावर अजून जार होता. "आज्जे, मला कुणी इचारलं का?"

"तिला तरी कुणी इचारलं? जार खाली ठिव आधी." मग मोहिनीकडे वळून ती म्हणाली, "मुक्काम पाह्यजे न तुला? मंग रीतीनं कर. आज ह्या घरात पाहायचा कार्यक्रम ठरलाय, तो झाल्याबिगर म्या कुणाला निजू देणार न्हाई. पसंती-नापसंतीचं उद्या पाहू. तुलाबी नापसंत करायचा हक हाय."

स्टँडवर एसटीनं हॉर्न दिला. मोहिनीनं बॅगेकडे पाहिलं, मग घराकडे. मुक्काम घरातच करायचा, हे ती ठरवून आली होती. तिनं बॅग खाली ठेवली, ओढणी डोक्यावरून घेतली आणि आत गेली. ट्रे घेऊन ती बाहेर आली, तोवर गाडी निघून गेली होती. मोहिनीच्या मघाच्या खुर्चीत आता संस्कृती बसली होती, पायावर पाय टाकून.

संस्कृतीनं आपणच केलेल्या पोह्यांचा एक घास घेतला आणि बराच वेळ चावला.

"मीठ कमी हाय," ती विठ्ठलरावांना म्हणाली. "पर पोरगी वाईट न्हाई. ऱ्हाऊ द्या आजच्या दिस."